तंबोऱ्याचा खर्ज आणि फोनचा कान: ट्यूनर ॲपसाठी माइक निवडताना

गेल्या गुरुपौर्णिमेला सकाळी आठ वाजता मी आमच्या बाईंच्या तंबोऱ्याची खर्जाची तार तोडली. हातात खुंटी होती, समोर फोन होता आणि फोनवरचं ट्यूनर ॲप सांगत होतं की अजून चढव, अजून चढव.

बाई म्हणजे माझ्या गाण्याच्या बाई. बोटांना संधिवात झाल्यापासून त्यांना घट्ट खुंट्या फिरवता येत नाहीत, त्यामुळे क्लासचे तंबोरे लावायचं काम माझ्याकडे आलंय. तुटलेली तार ज्या तंबोऱ्याची, तो मर्दानी तंबोरा मिरजेचा, त्यांच्या वडिलांचा. हॉलमध्ये खुर्च्या लागत होत्या, मुलं रियाज करत होती, कोणीतरी माइक टेस्टिंग करत होतं. एवढ्या गोंगाटात कानावर विसंबण्यापेक्षा फोन बरा, असं मला वाटलं. तार तुटल्यावर बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तार दुसरी येईल रे. पण तू ऐकत होतास की बघत होतास?"

मी बघत होतो. त्या दिवशी मला वाटलं, फोनचा माइक फालतू आहे, चांगला माइक घ्यायला हवा. मग महिनाभर मी वेगवेगळे माइक लावून बघितले. काही मित्रांकडून मागून आणले, काही विकत घेतले, एक तर घरीच बनवला. त्यातून जे कळलं ते या लेखात लिहितोय. तुम्ही तंबोरा लावत असाल, बेस गिटार वाजवत असाल किंवा चेलो शिकत असाल, खालच्या स्वरांची अडचण सगळीकडे सारखीच आहे.

ॲप खोटं बोलत नव्हतं

आधी त्या सकाळी नेमकं काय झालं ते समजून घेऊ.

आमचा तंबोरा काळी एकमध्ये, म्हणजे सी शार्पमध्ये लावलेला असतो. जोडीच्या तारा मधल्या षड्जावर, साधारण १३८.६ हर्ट्झला. खर्ज त्याच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे ६९.३ हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात तार किती वेळा कंप पावते तो आकडा.

आता, कुठलीही तार एकाच आकड्यावर वाजत नाही. मूळ स्वराबरोबर त्याची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी कंपनंही होत असतात. यांना स्वयंभू स्वर म्हणतात. आमच्या खर्जाचा हिशोब असा पडतो:

- मूळ स्वर ६९.३ हर्ट्झ: खर्जातला सा
- दुप्पट, १३८.६ हर्ट्झ: पुन्हा सा
- तिप्पट, २०७.९ हर्ट्झ: पंचम, म्हणजे जी शार्प
- चौपट, २७७.२ हर्ट्झ: पुन्हा सा
- पाचपट, ३४६.५ हर्ट्झ: गंधार, एफच्या जवळ

शेवटचा आकडा बघा. नीट लागलेल्या तंबोऱ्यातून न छेडताच गंधार ऐकू येतो, असं आपण क्लासमध्ये ऐकतो. तो हाच. पेटीच्या एफपेक्षा तो साधारण १४ सेंट उतरलेला असतो. (एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट.)

तंबोऱ्याची जवारी नेमकं हेच काम करते. घोडीच्या किंचित गोलसर पृष्ठभागावर तार घासते आणि वरचे स्वयंभू स्वर फुलतात. त्या मानाने ६९ हर्ट्झचा मूळ स्वर हवेत फारच कमी येतो. त्यात फोनने खालचा भाग आणखी कापला की ॲपला सगळ्यात ठळक दिसतो तो तिप्पट स्वर. ॲपने त्या दिवशी मला "जी शार्प" दाखवलं. मला वाटलं, पावसाळी हवेत तार उतरून खालच्या पंचमावर गेली. म्हणून मी चढवायला लागलो. ए आलं, ए शार्प आलं, बी आलं आणि तार गेली.

तार मुळात जागेवरच होती! ॲप पंचम दाखवत होतं कारण खर्जाच्या आत पंचम होताच. जी शार्पच्या शेजारी बारीक अक्षरात ३ हा आकडाही होता. तार खरंच तेवढी उतरली असती तर तिथे १ दिसला असता. तो आकडा मी वाचलाच नाही.

याची किंमत किती, तेही सांगतो. तीच तार, तीच लांबी असताना स्वर तीन पट्ट्या चढवायचा तर ताण जवळजवळ ४१ टक्के वाढतो. ॲपच्या मनासारखं पाच पट्ट्या चढवायचं ठरवलं असतं तर ७८ टक्के. जुन्या तारेला एवढं झेपत नाही.

फोनला कमी ऐकू येतं का?

फोनमधला माइक तांदळाच्या दाण्याहून थोडासा मोठा असतो. त्याला मेम्स माइक म्हणतात. इतक्या लहान माइकला एवढा खालचा स्वर कसा ऐकू येणार, असं वाटणं साहजिक आहे. पण माइकचा आकार इथे तेवढा आडवा येत नाही. स्पीकरला खालचा स्वर काढायला भरपूर हवा ढकलावी लागते, म्हणून छोटा स्पीकर तिथे हरतो. माइकला फक्त हवेचा दाब जाणवायचा असतो. ७० हर्ट्झचा दाब बहुतेक मेम्स माइकना जाणवतो.

अडचण त्याच्या पुढे सुरू होते. फोन बनतो बोलण्यासाठी. पंख्याची घरघर, गाडीचा आवाज, माइकवर येणारा वारा हे सगळं खालच्या पट्ट्यात असतं. माणसाचं बोलणं समजायला तो पट्टा लागत नाही. म्हणून फोनचं सॉफ्टवेअर खालचा भाग गाळून टाकतं. शिवाय त्यात नॉइज कॅन्सलेशन असतं. ते सतत एकसारखा चालणारा आवाज शोधतं आणि त्याला गोंगाट समजून दाबतं. तंबोरा म्हणजे काय? सतत एकसारखा चालणारा आवाज. बिचाऱ्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तंबोरा आणि कूलर एकच.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. अँड्रॉइडमध्ये ॲपला माइकचा आवाज वेगवेगळ्या वाटांनी मागता येतो. अँड्रॉइड ७.० पासून त्यात "अनप्रोसेस्ड" नावाची वाट आली, म्हणजे शक्य तेवढा न गाळलेला आवाज. सगळेच फोन ती देत नाहीत. तिथे "व्हॉइस रेकग्निशन" ही वाट वापरून बघा. नाव बोलण्याचं असलं तरी तिथे नॉइज कॅन्सलेशन बंद असावं, असा अँड्रॉइडचा नियम आहे. काही ट्यूनर आणि स्पेक्ट्रम ॲपच्या सेटिंगमध्ये "ऑडिओ सोर्स" असा पर्याय असतो, तिथे हे बदलता येतं. आयफोनमध्ये अशीच "मेजरमेंट" नावाची सोय आहे, पण ती ॲप बनवणाऱ्याने वापरलेली असावी लागते. तुमच्या हातात फक्त ॲप बदलून बघणं आहे.

ऑनलाइन क्लासमध्येही हाच घोटाळा होतो. बाईंची एक विद्यार्थिनी परदेशातून झूमवर शिकते. तिला बाईंचा आवाज स्वच्छ यायचा आणि तंबोरा मध्येच गायब व्हायचा. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" चालू केलं आणि तंबोरा परत आला. माइक तोच होता.

पैसे खर्च करण्याआधी दहा मिनिटांची परीक्षा

फायफॉक्स नावाचं एक मोफत ॲप आहे. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं. भौतिकशास्त्राच्या प्रयोगांसाठी आहे, पण आपल्या कामाचं आहे. त्यात "ऑडिओ स्पेक्ट्रम" उघडा. पंखा बंद करा, चार्जर काढा. बाकीच्या तारांवर हात ठेवून फक्त खर्ज छेडा.

पडद्यावर उभे सुळके दिसतील. आता दोन गोष्टी बघा.

पहिली: ६९ च्या आसपास सुळका आहे का? असेल तर तुमच्या फोनला खर्ज ऐकू येतोय, माइक घ्यायची गरजच नाही.

दुसरी: तो नसेल, तर बाकीचे सुळके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत? १३९, २०८, २७७, ३४६ असे असतील तर प्रत्येकात अंतर ६९ चंच आहे. म्हणजे मूळ स्वर दिसत नसला तरी त्याचा ठसा बाकीच्या स्वरांमध्ये आहे. आपला मेंदू हेच करतो. फोनच्या स्पीकरवर तंबोऱ्याचं ॲप लावा. तो स्पीकर ६९ हर्ट्झ जवळपास काढतच नाही, तरी आपल्याला खर्ज "ऐकू" येतो. मेंदू वरच्या स्वरांवरून खालचा स्वर ओळखतो.

चांगली ट्यूनर ॲपही असंच करतात. सगळ्यात उंच सुळका कुठला हे न बघता, आवाजाची लाट किती वेळाने पुन्हा तशीच येते ते शोधतात. याला ऑटोकोरिलेशन म्हणतात. फायफॉक्समध्ये "ऑडिओ ऑटोकोरिलेशन" हा प्रयोगही आहे, तो लावून बघा. स्पेक्ट्रममध्ये ६९ नसतानाही तिथे ६९ आलं, तर तुम्हाला माइक बदलायचा नाहीये, ॲप बदलायचंय.

आणखी एक गंमत. काहीही न वाजवता ट्यूनर "जी" दाखवत असेल आणि काटा साधारण ३५ सेंट चढा असेल, तर ती घरातली वीज आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ५० आणि १०० हर्ट्झ दोन्ही जीपेक्षा तेवढेच चढे पडतात. चार्जर काढा, फ्रिजपासून लांब बसा.

वाजवण्याची पद्धत बदला

माझ्या अनुभवात माइकपेक्षा जास्त फरक यांनी पडला:

फोनचा मुख्य माइक खाली, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. ती बाजू तबलीकडे, घोडीच्या जवळ, चार बोटांवर धरा. खुंट्यांजवळ धरू नका. आपण खुंटी फिरवतो म्हणून नकळत फोनही तिथेच ठेवतो, पण आवाज येतो भोपळ्याच्या बाजूने.

जवारीचा दोरा तात्पुरता सरकवून ठेवा. वरचे स्वयंभू स्वर कमी होतात, ॲपचा गोंधळही कमी होतो. स्वर लागल्यावर दोरा परत जागेवर आणा आणि मग कानाने बारीक सुधारणा करा.

तार बोटाच्या मांसल भागाने हलकी छेडा. जोरात ओढली तर सुरुवातीला स्वर चढा येतो. छेडल्यावर एक सेकंद जाऊ द्या, मग काट्याकडे बघा.

आणि घाई नको. ६९ हर्ट्झजवळ दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये फक्त चार हर्ट्झचं अंतर असतं. ॲपने सेकंदाच्या दहाव्या भागाचाच आवाज ऐकला तर त्याला साधारण दहा हर्ट्झच्या आतला फरक सुळक्यांमध्ये वेगळा दिसत नाही. खालच्या स्वराला वेळ द्यावाच लागतो. ॲपमध्ये "स्लो" किंवा "बेस" असा पर्याय असेल तर तो निवडा.

एवढं करूनही काम झालं नाही, किंवा तुम्ही रोज गोंगाटात वाद्य लावत असाल, तरच पुढे वाचा.

कुठला माइक?

*ब्लूटूथ इअरफोनचा माइक.* यासाठी वापरूच नका. माइक चालू झाला की ब्लूटूथ साधारणपणे कॉलच्या मोडमध्ये जातं आणि त्याची सगळी बांधणी बोलण्यासाठी असते. माझ्या इअरफोनवर खर्ज तर सोडाच, जोडही धड येईना.

*वायरलेस कॉलर माइक.* रील बनवणाऱ्या मित्राकडून आणला. नॉइज कॅन्सलेशनचं बटण चालू असताना तार छेडली की दोन सेकंद सुळके दिसायचे आणि मग विरघळायचे. बटण बंद केलं तर ठीक चालला. तुमच्याकडे आधीच असेल तर वापरा. बटण बंद आहे ना, आणि "लो कट" असा काही पर्याय चालू नाही ना, तेवढं बघा. फक्त ट्यूनिंगसाठी नवीन घेण्यात अर्थ नाही.

*पिएझोची चकती.* इथे मी फसलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तपकीर गल्लीतून बझरमध्ये असते तशी पितळी चकती आणली, तिला वायर आणि पिन जोडली आणि भोपळ्याला चिकटवली. कल्पना चांगली होती. चकती हवेतला आवाज घेत नाही, लाकडाचं कंपन घेते. मग हॉलमध्ये कितीही आरडाओरडा असला तरी काय फरक पडतो? पण फोनला लावली तर फक्त पातळ, किरटा आवाज. खर्ज शून्य.

कारण असं. चकती दाबली गेली की तिच्यावर किंचित विद्युतभार तयार होतो. फोनचा माइक-इनपुट तो भार लगेच पिऊन टाकतो. वरच्या स्वराची लाट पटकन पूर्ण होते, ती निभावते. खालच्या स्वराची लाट संथ, ती पूर्ण होण्याआधीच भार संपतो. चकतीची क्षमता २० नॅनोफॅरड आणि फोनचा इनपुट दोन हजार ओहम धरला तर साधारण ४,००० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. तीच चकती दहा लाख ओहमच्या इनपुटला लावली तर ही सीमा ८ हर्ट्झवर येते. तोच माइक, फक्त पुढचं दार वेगळं!

म्हणजे चकती लावायचीच असेल तर मध्ये छोटा प्रीॲम्प किंवा गिटारसाठी इनपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस हवा. त्या इनपुटवर "हाय-झेड" किंवा "इन्स्ट" असं लिहिलेलं असतं. तसा जोडल्यावर गोंगाटात यापेक्षा चांगलं काही मला मिळालं नाही. गिटारचा क्लिप-ऑन ट्यूनरही कंपनावरच चालतो, पण तो तंबोऱ्याच्या जाड दांडीला बसत नाही. खुंटीला लावला तर सर्वात खालच्या स्वरावर तोही कधी कधी वरचाच स्वर दाखवतो.

*वायरचा कॉलर माइक.* बहुतेकांसाठी हाच. कुर्त्याला लावायचा तो छोटा माइक. हे बहुतेक ओम्नी, म्हणजे सगळ्या बाजूंनी ऐकणारे असतात, आणि ओम्नी माइक खालच्या स्वरांना चांगले असतात. उदाहरणार्थ, आपल्याकडे सहज मिळणाऱ्या बोया बीवाय-एम१ च्या खोक्यावर ६५ हर्ट्झ ते १८ किलोहर्ट्झ असं लिहिलेलं असतं. आपला ६९.३ त्यात जेमतेम बसतो. वायर लांब असते, त्यामुळे माइक घोडीजवळ आणि फोन डोळ्यांसमोर ठेवता येतो. निम्मं काम तिथेच होतं. वादकाने तो तबलीला चिकटवू नये, दोन-तीन बोटं वर राहू द्यावा.

*मोजणीचा माइक.* स्पीकर तपासणारे लोक वापरतात. डेटन ऑडिओचा आयएमएम-६ हा फोनच्या जॅकला लागणारा असा एक माइक, १८ हर्ट्झपासून ऐकणारा. पाच तारांच्या बेस गिटारची सर्वात खालची तार साधारण ३०.९ हर्ट्झची असते, तिथे याचा उपयोग. तंबोऱ्यासाठी एवढी गरज नाही.

*स्टेजवरचा माइक.* शुअरचा एसएम५८ सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो ५० हर्ट्झपासून ऐकतो आणि जवळ धरला की खालचे स्वर आणखी उठून येतात. पण तो थेट फोनला लागत नाही, मध्ये इंटरफेस लागतो. क्लासमध्ये दोन्ही असतील तर उत्तम.

बेस गिटारवाल्यांनी तर माइकच्या भानगडीतच पडू नये. चार तारांच्या बेसची खालची तार ४१.२ हर्ट्झ, आणि गिटारला पिकअप आधीच आहे. हाय-झेड इनपुटच्या इंटरफेसमधून केबल थेट फोनला लावा. खोलीतला गोंगाट आपोआप बाहेर राहतो.

दुकानात काय तपासायचं?

पहिलं, पिन. फोनच्या ३.५ मिमी जॅकला माइक लावायचा तर पिनवर तीन काळ्या रेघा हव्यात. दोन रेघांची पिन कॅमेऱ्याची असते. ती थेट लावली तर फोन तिला हेडफोन समजतो आणि गुपचूप स्वतःचाच माइक वापरत राहतो. तुम्हाला वाटतं नवा माइक चालतोय. खात्री करायला ॲप उघडून माइकवर बोटाने टिचकी मारा, मग फोनच्या खालच्या बाजूला मारा. काटा कुठे उडतो ते बघा.

दुसरं, फोनला जॅक नसेल तर. टाइप-सी डोंगल घेताना त्यात माइकची सोय आहे का ते विचारा. काही डोंगल फक्त ऐकण्यासाठी असतात. थेट टाइप-सीचा माइक घेतला तर ही कटकट नाही.

तिसरं, खोक्यावरचा आकडा. "२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ" असं सगळेच लिहितात. त्याच्यापुढे "±३ डीबी" असं काही लिहिलं आहे का? नसेल तर त्या आकड्यावर फार विसंबू नका. २० हर्ट्झ ऐकू येतं हे खरं असेलही, पण किती हळू, ते सांगितलेलं नाही. आलेख दिला असेल तर ७० च्या आसपास रेघ किती खाली वाकली आहे ते बघा.

चौथं, परत करण्याची मुदत. घरी आणल्यावर वरची फायफॉक्सची परीक्षा त्याच दिवशी घ्या.

आता मी काय करतो?

वायरचा कॉलर माइक घोडीजवळ, फोन मांडीवर. आधी जोड लावतो, कारण १३८.६ हर्ट्झला फोन चुकत नाही. मग खर्ज. ॲपमध्ये स्वराशेजारचा आकडा आधी वाचतो आणि मग स्वर. सी शार्प २ असेल तर पुढे. जी शार्प ३ किंवा एफ ४ दिसलं तर खुंटीवरचा हात काढतो आणि पुन्हा हलकेच छेडतो.

काटा मध्यावर आला की फोन पालथा ठेवतो. कारण इथून पुढे ॲपला कान हरवतो. ६९ हर्ट्झला एक सेंट म्हणजे फक्त ०.०४ हर्ट्झ. पाच सेंट चूक असेल तर बहुतेक ॲपचा काटा हिरवाच राहतो. पण खर्ज आणि जोड एकत्र छेडले की त्यांचे स्वयंभू स्वर एकमेकांवर येतात आणि आवाज हळूहळू लाटांसारखा वरखाली होतो. पाच सेंटच्या चुकीला १३८ हर्ट्झजवळ ती लाट साधारण अडीच सेकंदांची असते. मणी किंचित सरकवला की लाट लांबते, आणखी लांबते आणि मग थांबते. तिथे स्वर लागलेला असतो.

परवा बाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. मी फोन पालथा ठेवला, मणी सरकवत होतो. मला वाटलं झालं. त्या म्हणाल्या, "थोडं अजून." मी केसभर सरकवला. मग दोघंही गप्प बसलो, आणि कोणी न छेडलेला तो गंधार ऐकू आला.